तीन नंबरची मेल

युनूसभाई,

तुम्ही गेल्याचं मला कागदवाल्याकडून कळलं. तो चंद्रपूरहून ऑफिसात रिमं घेऊन आला होता. मी पावतीवर सही करत होते आणि तो सहज म्हणाला, "तुमच्याकडं पयले यायचे ना बाई, जटपुरा गेटचे कॉम्प्युटरवाले युनूसभाई? गेले ते. सोमवारी. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या."

मी सही पूर्ण केली. त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर आत जाऊन बसले, आणि मनात पहिलं आलं ते हे, की आता सांगायचं राहिलंच. दुःख त्यानंतर आलं. ज्या क्रमानं झालं त्याच क्रमानं लिहिते आहे, कारण तुमच्यापुढं निदान आता तरी काही उलटसुलट करायचं नाही.

तुम्ही आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो. गोंडपिपरी, आष्टी करत चार तासांचा बसचा प्रवास करून आलापल्लीला उतरलात. खांद्याला रेक्झिनची बॅग, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. आमच्या संस्थेचे प्रमुख बोरकुटे सर यांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता, पण तो फोनला जोडून मेल कशी आणायची हे आमच्यात कोणालाच येत नव्हतं. मी नागभीडची, धान रोवणाऱ्या घरातली. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता खरा, पण त्या क्लासात फोनची लाइनच नव्हती. मेल आम्ही फळ्यावर शिकलो होतो.

मोडेम किरकिरायला लागला की तुम्ही हातानंच मला गप्प करायचात आणि कान द्यायचात. अब्बांच्या घड्याळाच्या दुकानात तुम्ही आधी रेडिओ दुरुस्ती घातली, मग टेप, मग कॉम्प्युटर. कान मात्र रेडिओवाल्याचाच राहिला. "नाई लागत, बाई. पुन्हा लावा," म्हणायचात, आणि खरंच लाइन लागायची नाही.

तुम्ही मला सांगितलं, सर्व्हर म्हणजे दूर कुठंतरी असलेलं पोस्ट ऑफिस. तिथं आपली एक पेटी. आपण फोन लावायचा आणि पेटीतलं उचलून आणायचं. "मेलचा प्रोग्राम म्हणजे आपला नोकर हाय, बाई. नोकर अडला तं मालकानं स्वतः जाऊन पाहावं." आणि मग ती काळी खिडकी उघडून सर्व्हरशी सरळ बोलायला तुम्ही शिकवलंत. नाव सांगायचं, खूणशब्द सांगायचा, यादी मागायची. प्रत्येक गोष्टीला तो ओके म्हणायचा. मला त्या ओकेचा फार आनंद व्हायचा. आमच्या घरी मला इतक्या पटकन कोणी हो म्हटलं नव्हतं.

ते सगळे हुकूम तुम्ही माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिले. खाली लिहिलंत, "मेल काढून टाकायच्या आधी यादी पाहावी. दर वेळी पाहावी." त्याखाली दोन रेघा मारल्यात. मी हसले होते. तुम्ही हसला नव्हता. म्हणालात, "एक मेल काढून बाहेर पडलं की खालच्या वर सरकतात, बाई. आताची चार नंबर मंग तीन नंबर होते. अंदाजानं हात मारला तं दुसऱ्याचीच चिठ्ठी फाटंल."

आपलं एक भांडण कायमचं होतं. आणलेल्या मेलची एक प्रत सर्व्हरवर सात दिवस राहू द्यायची, असं तुम्ही म्हणायचात आणि प्रोग्राममध्ये तशी खूण करून जायचात. मी म्हणायचे, आपली पेटी एवढीशी, ती जुन्या प्रतींनीच भरते, नवीन मेल येणार कुठून? तुम्ही गेलात की मी खूण काढायचे. पुढच्या खेपेला तुम्ही ती परत करायचात. "का बाई, माह्यावर भरवसा नाई का तुमचा?" "तुमच्यावर आहे, तुमच्या खुणेवर नाही." चहा पिता पिता हे चालायचं. दुपारी मागच्या गोदामात नमाज पढून तुम्ही परत यायचात आणि जिथं सोडलं तिथूनच पुन्हा भांडण धरायचात. ते आपण कधी संपवलंच नाही.

त्या साली जैनी आमच्याकडं यायला लागली. सूरजागडच्या डोंगराखालच्या गावातली, आश्रमशाळेतून बारावी झालेली. तिच्या घराण्यात तिच्याइतकं कोणी शिकलं नव्हतं. नागपूरकडच्या एका नर्सिंग शाळेनं आमच्या संस्थेच्या शिफारशीवर एक जागा ठेवली होती आणि सरांनी जैनीचं नाव पाठवलं होतं. मूळ कागद घेऊन कधी हजर व्हायचं, ते शाळा मेलनं कळवणार होती. दर दोन-तीन दिवसांनी जैनी यायची, दारातच उभी राहायची.

"आली का बाई, मेल?"

"आली की तुझ्या गावाला निरोप धाडते ना मी. कशाला एवढी पायपीट करतेस?"

"मले करमत नाई घरी," म्हणायची.

आणि त्याच आठवड्यात मेल अडकली. मोहर्लीला वाघ बघून गेलेल्या एका पाहुण्यानं, सरांच्या ओळखीच्या देणगीदारानं, वाघाचे आठ फोटो एकाच मेलमध्ये पाठवले होते. प्रोग्राम ती मेल ओढायला लागायचा, थोडी यायची, लाइन सुटायची, आणि पुन्हा लावलं की पहिल्यापासून. मी तुम्हाला फोन केला.

"मोहर्लीच्या रस्त्यावर वाघ बसला तं मागच्या गाड्या कशा उभ्या राह्यतात? तसंच हाय हे," तुम्ही म्हणालात. मी सांगितलं की खरोखर वाघच आहे, तेव्हा तुम्ही एवढे हसलात की तुमच्या दुकानातलं गिऱ्हाईक काय झालं म्हणून विचारत असलेलं मला ऐकू आलं. मग म्हणालात, "तिच्या मागचं काही येणार नाई. पण तुम्ही हात लावू नका. मी गुरुवारी येऊन राह्यलो."

बुधवारी सर माझ्या टेबलाजवळ तीनदा येऊन गेले. "मंदा, मेल? आणि ते फोटो जायला नकोत हं, पाहुणे विचारतील." दिवसभर मी लाइन लावत होते आणि ती सुटत होती. ऑफिसात फोन तो एकच. मी तो दिवसभर अडवून बसले होते.

दुपारी मी तुमचं पान उघडलं. सर्व्हरशी बोलले. त्यानं यादी दिली. तीन नंबरवर ती भली मोठी मेल, आणि तिच्या मागं बारक्या बारक्या पंधरा-वीस. मला वाटलं, पेटी भरली आहे म्हणूनच हे होतंय. मी म्हणत होते तेच खरं, तुमच्या सात दिवसांच्या प्रतींनी ही वेळ आणली. मोठीला हात लावायची सोय नव्हती. बारक्या म्हणजे त्या जुन्या प्रती, नाहीतर जाहिराती असणार, तेव्हा जाहिराती खूप यायच्या. मी एकेक नंबर टाकत गेले. सर्व्हर ओके म्हणत गेला. अकरा मेल मी न वाचता काढून टाकल्या आणि शेवटचा, बाहेर पडायचा हुकूम देऊन नीट बाहेर पडले; तो पोचला तरच मेल खरोखर जातात. लाइन दिवसभर सुटत होती, पण त्या वेळी सुटली नाही.

त्यानं काही फरक पडला नाही. वाघ तिथंच बसलेला. मी वही मिटली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

गुरुवारी तुम्ही आलात. सरांना समजावलंत की पाहुण्यांना एकेक फोटो वेगळा पाठवायला सांगा, ही मेल काढावीच लागेल. सर कसेबसे हो म्हणाले. मी तुमच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. तुम्ही यादी पाहिलीत, तीन नंबर काढायचा हुकूम दिलात, बाहेर पडायचा दिलात, आणि तेवढ्यात लाइन सुटली. हुकूम पोचला की नाही, कळायला मार्ग नव्हता. पुन्हा फोन लावलात. पुन्हा यादी मागितलीत, काचेवर बोट ठेवून तीन नंबरचा आकडा वाचलात, "हायेच हे अजून," म्हणालात, आणि मग काढलीत. मागच्या पाच-सहा मेल सरसर उतरल्या. तुम्ही चहा न घेता दोनची बस धरलीत.

पंधरा दिवसांनी नर्सिंग शाळेचं पत्र पोस्टानं आलं. उमेदवार ठरल्या दिवशी हजर नव्हती, जागा दुसरीला दिली. मंगळवारी मेल पाठवली होती, फोनही करून पाहिला, लाइन सारखी व्यस्त होती.

मंगळवार वाचला आणि मला सगळं कळलं. बुधवारी मी काढलेल्या अकरांत ती होती.

सर पत्र घेऊन माझ्यापुढं उभे होते. "मंदा, ही मेल कुठं गेली?"

मी म्हणाले, "गुरुवारी युनूसभाईंनी सर्व्हरवरच्या मेल काढल्या होत्या."

तुम्ही एक काढली होतीत. मी 'काढल्या' म्हणाले. तेवढाच फरक होता, आणि बाकी वाक्य खरं होतं म्हणून ते माझ्या तोंडून निघूही शकलं.

सरांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आलात. सर सगळ्यांसमोर बोलले, एका पोरीचं वर्ष गेलं म्हणाले, असलं बेजबाबदार काम म्हणाले. तुम्ही उभेच होतात. मग माझ्याकडं वळून विचारलंत, "बाई, माह्या आधी कोणी हात लावला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडं थोडा वेळ पाहिलंत. मग सरांना म्हणालात, "माह्या हातानं झालं असंल तं माफी करा, सर." दारातून जाताना माझ्याजवळ थांबलात. माझा चेहरा कसा झाला असेल, मला माहीत नाही. तुम्ही हळूच म्हणालात, "तुम्ही टेन्शन घेऊ नका, बाई."

युनूसभाई, त्या एका वाक्यावर मी सहा वर्षं काढली. मी ठरवून टाकलं, तुम्हाला कळलं होतं. इतका हुशार माणूस, त्याला कळलं नसेल? तुम्ही ओळखलंत आणि मला सांभाळून घेतलंत, असं मी स्वतःला सांगत राहिले. मला ते सोयीचं होतं. त्यामुळं तुमचे माझ्यावर उपकार झाले, आणि उपकाराखाली राहणं गुन्ह्याखाली राहण्यापेक्षा सोपं असतं.

सरांनी बाहेरचा माणूस नको म्हणून मला शिकायला नागपूरला पाठवलं. मी परत आले ती कॉम्प्युटरची मुख्य होऊन. गडचिरोलीकडच्या दुसऱ्या ऑफिसांत तुमच्याबद्दल बोललं गेलं, तिथूनही तुम्हाला बोलावणं बंद झालं. हे मला कानावर येत होतं. मी ऐकत होते आणि कामाला लागत होते. नवीन मुलींना शिकवताना मी तुमचंच वाक्य सांगायचे, यादी पाहावी, दर वेळी पाहावी. कोणी शिकवलं हे सांगत नव्हते.

एकदा तुमच्या दुकानात आले होते. आठवतं? काचेच्या कपाटात मोबाइलची कव्हरं, चार्जर. मी विचारलं, "मेलचं काम?"

"सोडलं, बाई. हात पयलेसारखा नाई राह्यला."

मला वाटलं, वयाचं बोलता. तुम्ही चहा सांगितलात. मी बशीकडं बघत सुरुवात केली, "युनूसभाई, ते जैनीच्या मेलचं..."

"जाऊ द्या, बाई. झालं ते झालं," तुम्ही घाईनं म्हणालात आणि उठून गिऱ्हाइकाकडं गेलात. मी चहा संपवून निघाले. येताना बसमध्ये मला हलकं वाटत होतं. माफी मिळाली असं मी समजून चालले.

कागदवाला येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. जमीलाभाभींनी मला आत बायकांत बसवलं. त्यांना वाटलं, जुनी ओळख म्हणून आले. मला पाणी देऊन त्या आपणहूनच बोलायला लागल्या. "तुमच्याच ऑफिसातलं ते झालं ना, बाई, त्याच्यानंतर ते बदलले. जेवता जेवता थांबून जायचे. मले म्हणायचे, त्या दिवशी लाइन सुटल्यावर म्या यादी पुन्हा पाह्यली का नाई, हेच मले आठवत नाई. पाह्यली असंल तं त्या मेली गेल्या कशा? नसंल पाह्यली, तं इतके वर्षं म्या लोकायले काय शिकवलं? कोणाचंही काम हाती घेतलं की तीन-तीनदा पाहायचे, चार-चारदा. गिऱ्हाईक कंटाळून जायचं. मंग सोडूनच देल्लं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्या जैनीच्या गावाले गेल्ते, माहीत हाय का तुम्हाले? तिच्या बापाच्या पाया पडून आले. दुसऱ्या साली इथल्या सरकारी शाळेचा फारम घेऊन पुन्हा गेले. पोरगी नर्स झाली, त्यायचं एवढं समाधान. काल येऊन गेली. लय रडली."

म्हणजे तुम्हाला कळलं नव्हतं. तुम्ही मला सांभाळून घेतलं नव्हतंत. माझा उतरलेला चेहरा बघून तुम्ही फक्त एका पोरीला धीर दिलात, कारण तुमचा स्वभाव तसा होता. संशय तुम्ही माझ्यावर घेतला नाहीत. तो स्वतःच्या हातावर घेतलात. घड्याळाचा बारीक काटा ज्या हातानं बसवायचात, त्या हातावर. आणि ज्या एका माणसानं शेजारी बसून तुमचं बोट काचेवर फिरताना पाहिलं होतं, ती मी होते. तुम्ही मला विचारलंही होतंत.

मी भाभींना सांगितलं. तिथंच, बायकांत. बुधवारी मी काय केलं ते, आणि गुरुवारी तुम्ही यादी दुसऱ्यांदा पाहिली होती तेही. माझा आवाज इतका खाली गेला होता की त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

त्या उठल्या, दाराशी जाऊन तुमच्या मोठ्या भावाला, इद्रीसभाईंना हाक मारली. ते आले तेव्हा मला म्हणाल्या, "यायले सांगा."

तिसऱ्यांदा सांगणं सगळ्यात कठीण गेलं. इद्रीसभाई खाली बघत ऐकत होते. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाले, "मैं भी उसको बोलता था, तेरे हाथ से ही हुआ होगा, मान ले." आणि बाहेर निघून गेले.

भाभी म्हणाल्या, "हे त्यायले सांगाचं होतं, बाई. मले सांगून का फायदा?" मग म्हणाल्या, "जा आता. तुमची गाडी सुटंल."

त्यांनी मला हाकललं नाही आणि माफही केलं नाही. मी बाहेर पडले तेव्हा कोणी दारापर्यंत आलं नाही, आणि ते बरोबर होतं.

बोरकुटे सर आता निवृत्त आहेत. त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "आता उकरून काय करतेस, मंदा? माणूस गेला," म्हणाले. मी म्हटलं, "सर, तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होता. मला ऑफिसात सगळ्यांसमोर सांगू द्या." परवा बैठकीत सांगितलं. तेव्हाचे तिघंच आता आहेत. नवीन मुली माझ्याकडं बघत राहिल्या. त्यातली एक नंतर माझ्या टेबलाशी आली आणि विचारलं, ते युनूसभाई कसे होते? मी तिला सांगायला बसले, रेडिओ दुरुस्तीपासून.

जैनीला काल फोन केला. ती चंद्रपूरच्या दवाखान्यात आहे. तिचं जे वर्ष गेलं, ते तिनं मोहफुलं वेचत आणि बापानं आणलेली स्थळं परतवून लावत काढलं होतं, हे मला माहीत आहे. मी न थांबता सगळं बोलून टाकलं, मध्ये थांबले असते तर पुन्हा पळवाट शोधली असती म्हणून. पलीकडून वॉर्डातले आवाज येत होते. मग ती म्हणाली, "माह्या बाबानं त्यायले दारातून घरात घेतलं नव्हतं, बाई. पहिल्या वेळी. उन्हातच उभे होते."

मी तिचं नाव घेतलं, एवढंच.

"ड्यूटीवर आहो. मंग बोलू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिचा फोन आलेला नाही. यायलाच हवा असं काही नाही. तुम्हाला एवढंच कळवायचं होतं, युनूसभाई, तुमचा हात चुकला नव्हता. हे आता चंद्रपुरात तुमच्या घरी माहीत आहे, आलापल्लीत ऑफिसात माहीत आहे आणि जैनीला माहीत आहे. ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्याला सोडून.

— मंदा